पिवळ्या चेहऱ्याचा वाघ

पाऊस पडतो आहे. शवपेटी खड्ड्यात उतरवली आहे, लोक जड हातांनी माती लोटत आहेत आणि तेवढ्यात एक तरुण गर्दीतून वाट काढत येतो आणि त्या शवपेटीवर अंग टाकून रडू लागतो. ब्रूस लीचा १९७२ सालचा ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ ज्यांनी कधी काळी पाहिला असेल, त्यांना हा आरंभीचा प्रसंग आठवत असेल. पुढचा सगळा चित्रपट म्हणजे या शिष्याने गुरूच्या मृत्यूचा घेतलेला सूड. हा शिष्य चेन झेन पूर्णपणे काल्पनिक आहे. असा कुणी माणूस कधी नव्हता. पण ज्याच्या शवपेटीवर तो कोसळतो, तो गुरू मात्र खराखुरा होता. चित्रपटभर त्याचे नाव घेतले जाते, तो स्वतः मात्र जिवंत असा एकदाही दिसत नाही.

त्याचे नाव हुओ युआनजिया. चीनमध्ये हे नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परदेशी पहिलवानांना लोळवणारा, कधीही न हरलेला, शेवटी दगाफटक्याने विष घालून मारलेला वीर अशी त्याची ख्याती. कादंबऱ्या झाल्या, दूरचित्रवाणी मालिका झाल्या, २००६ मध्ये जेट लीला घेऊन ‘फिअरलेस’ नावाचा मोठा चित्रपटही आला. पण या सगळ्या झगमगाटामागे एक साधी गोष्ट लपून राहिली. हा अजिंक्य म्हणवला जाणारा माणूस धड निरोगी असा फारसा कधी नव्हताच. तो बेचाळिसाव्या वर्षी गेला तो छातीच्या जुन्या दुखण्याने खंगत. आणि तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, सामान्य माणसाने शरीरासाठी आणि स्वसंरक्षणासाठी चिनी युद्धकला शिकावी, या विचाराची पहिली मोठी संस्था त्याच्या नावाने उभी राहिली.

सुटीत मुलांना कराटे किंवा कुंग-फूच्या वर्गाला घालणाऱ्या आईबापांनी या माणसाची गोष्ट एकदा वाचावी अशी आहे.

घरातल्या आखाड्यातला परका

हुओचा जन्म १८६८ सालचा. उत्तर चीनमधल्या तियानजिन शहराजवळच्या शियाओनानहे नावाच्या खेड्यातला. घराणे युद्धकलेचे. वडील हुओ एन्दी हे व्यापाऱ्यांचा माल आणि चांदी एका गावाहून दुसऱ्या गावी सुखरूप पोचवणाऱ्या राखणदारांपैकी होते. चोर-दरोडेखोरांच्या त्या काळात या धंद्याला मान होता आणि पैसाही. घराण्याची स्वतःची कला होती, तिचे नाव मिझोंग. पाऊलखुणा हरवून टाकणारी, असा त्याचा साधारण अर्थ. पायांची चाल अशी की समोरच्याला पुढचे पाऊल कुठे पडेल याचा थांगच लागू नये.

अशा घरात युआनजिया जन्मला तो अशक्त. छाती कमकुवत, वारंवार आजारपण, अंगात जोर नाही. आपल्याकडे एखाद्या नामांकित वस्तादाच्या पोराला तालमीत उतरवताना बापाच्या मनात जे येईल, तेच हुओ एन्दींच्या मनात आले. हा पोरगा उद्या कुणाकडून तरी मार खाऊन येईल आणि घराण्याचे नाव जाईल. तेव्हा त्याने या फंदात पडूच नये, अभ्यास करावा, असे त्यांनी ठरवले. भावंडे अंगणात घाम गाळत असताना याने पुस्तक घेऊन बसायचे.

पुढची गोष्ट चीनमध्ये मुलांना सांगतात ती अशी. दिवसा तो आडून भावांचा सराव बघे आणि रात्री सगळे झोपले की झाडांच्या आडोशाला जाऊन बघितलेले तेवढे घोटत बसे. असे कितीतरी वर्षे चालले. मग १८९० च्या सुमारास एक बाहेरगावचा लढवय्या घरी आला, त्याने हुओच्या भावाला हरवले, आणि ज्याच्याकडून कुणाचीच अपेक्षा नव्हती त्या आजारी पोराने पुढे होऊन त्या पाहुण्याला गारद केले. बापाचे डोळे उघडले आणि त्याने मुलाला रीतसर विद्या दिली.

गोष्ट गोड आहे आणि घोटून घोटून गुळगुळीत झाली आहे. पण तिला एक दुसरी बाजू आहे, ती मुलांना सहसा सांगितली जात नाही. हुओच्या अखेरच्या दिवसांत त्याच्याजवळ असलेल्या चेन गोंगझे या शिष्याने उतारवयात हाँगकाँगमध्ये आठवणी लिहिल्या. त्यात त्याने नोंदवले आहे की श्वास कोंडून ताकद कमावण्याच्या सरावात चूक झाल्याने हुओच्या फुप्फुसांना इजा झाली होती, त्याला खोकल्यातून रक्त पडत असे आणि चेहरा मेणासारखा पिवळा पडला होता. त्यावरूनच लोक त्याला पिवळ्या चेहऱ्याचा वाघ म्हणत. टोपणनाव ऐकायला भारदस्त वाटते, पण ते पराक्रमावरून नव्हे तर आजारावरून पडलेले होते.

आजच्या वैद्यकाच्या नजरेने पाहिले तर त्या खोकल्यामागे श्वास कोंडण्याखेरीज आणखीही काही असू शकेल. पण शिष्याची ही नोंद महत्त्वाची आहे ती वेगळ्या कारणाने. ज्याला लहानपणी कुणी शिकवले नाही, त्याने चोरून, घाईने, कुणाच्याही देखरेखीशिवाय शरीरावर जबरदस्ती केली तर काय होऊ शकते, याची ती इशारावजा आठवण आहे. आपल्याकडेही जुने वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी हजार बैठका मारू देत नाहीत, ते काही उगाच नाही.

कलेचा बाजार उठला

तरुणपणी हुओ तियानजिनला आला तो नाव काढायला नव्हे, पोट भरायला. त्याने ओझी वाहिली आणि पुढे एका औषधांच्या पेढीवर नोकरी धरली. तिचा चालक नोंग जिनसुन हा शिकलेला, नव्या विचारांचा माणूस. दोघांची मैत्री जमली ती आयुष्यभर टिकली.

वडिलांचा राखणदारीचा धंदा याने का पुढे चालवला नाही? कारण धंदाच बुडत होता. १८९७ मध्ये तियानजिन आणि बीजिंग ही शहरे रेल्वेने जोडली गेली. चांदीची पेटी आगगाडीच्या डब्यातून जाऊ लागल्यावर भालाधारी राखणदार कशाला हवा? दुसरा आधार होता सरकारी लष्करी परीक्षेचा. शेकडो वर्षे धनुर्विद्या, घोडेस्वारी, जड धोंडे उचलणे यांची परीक्षा देऊन खेड्यातली पोरे सैन्यात अधिकारपद मिळवू शकत. १९०१ मध्ये ही परीक्षाच रद्द झाली. बंदुकीच्या युगात धनुष्याची परीक्षा घेण्यात अर्थ उरला नव्हता.

त्यातच १९०० सालचा उत्पात घडला. परकीयांना हाकलून देण्यासाठी बॉक्सर म्हणून ओळखले गेलेले शेतकरी तरुण उठले. मंत्र म्हटला, ठरावीक कवायत केली की गोळी अंगात शिरत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. गोळी अर्थातच शिरली. आठ देशांच्या फौजा चालून आल्या, जुलैमध्ये तियानजिन पडले, पाठोपाठ बीजिंग पडले. तियानजिनची जुनी तटबंदी पुढच्या वर्षी परक्यांच्या हुकुमाने जमीनदोस्त करण्यात आली आणि चीनवर ४५ कोटी तैल चांदीचा दंड बसला, तो ३९ वर्षांत फेडायचा.

हुओ हे सगळे घडत असताना त्याच परिसरात होता. या पराभवाचा एक परिणाम असा झाला की शिकलेल्या चिनी माणसाच्या नजरेतून युद्धकला पार उतरली. ती अडाण्यांची, भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांची विद्या ठरली. एकीकडे देशाला जग आजारी माणूस म्हणत होते आणि दुसरीकडे देशाकडे शरीर कमावण्याची जी हजार वर्षांची विद्या होती, तिची त्याच देशाला लाज वाटू लागली होती. हुओच्या आयुष्यातला खरा पेच हा आहे. त्याच्यापुढे कुणी एक परदेशी पहिलवान उभा नव्हता. आपल्या हातातल्या कलेचा आता उपयोग काय, हा प्रश्न उभा होता.

न झालेली लढत

लोककथेला मात्र पहिलवानच हवे असतात. तियानजिनला आलेल्या एका रशियन मल्लाने आपल्यापेक्षा बलवान जगात कुणी नाही अशी जाहिरात केली आणि हुओने आव्हान देताच तो माघार घेऊन गेला, ही त्यातली एक कथा. ती सांगणारे पुष्कळ आहेत.

शांघायची गोष्ट त्याहून पक्की आहे. १९०९-१० च्या सुमारास ओब्रायन नावाचा एक पाश्चात्य ताकदवान शांघायमध्ये खेळ करीत होता. लोखंड वाकवणे, वजने पेलणे असे त्याचे प्रयोग. त्याने चिनी माणसांच्या दुबळेपणावर काहीबाही ताशेरे मारले म्हणतात. शांघायमधल्या देशप्रेमी मंडळींना ते झोंबले. त्यांनी शोधाशोध केली आणि नोंग जिनसुनच्या ओळखीने हुओला दक्षिणेत बोलावून घेतले. हुओ आपला पट्टशिष्य लिउ झेनशेंग याला घेऊन आला.

आता लढतीच्या अटी ठरेनात. ओब्रायनला मुष्टियुद्धाचे नियम हवे होते. हातमोजे घालायचे, कमरेखाली मारायचे नाही, लाथ चालवायची नाही. ज्याची निम्मी कला पायांत आहे, त्याने हे कसे मान्य करावे? शेवटी पडेल तो हरला, असा तोडगा निघाल्याचे सांगतात. झांगयुआन या प्रसिद्ध बागेत मंच बांधला गेला, लोक जमले, आणि ओब्रायन आलाच नाही.

चित्रपटात ही लढत पाच-दहा मिनिटे चालते आणि ठोसे बसताना प्रेक्षागृह दणाणते. प्रत्यक्षात एक ठोसाही मारला गेला नाही. पण त्या न झालेल्या लढतीने एक काम केले. शांघायच्या तरुण पोरांनी, म्हणजे व्यापाऱ्यांच्या, कारकुनांच्या, शिकणाऱ्या मुलांनी, आपल्या देशातला एक साधा, पिवळट चेहऱ्याचा, कमी बोलणारा माणूस मंचावर शांतपणे उभा असलेला पाहिला. मंत्र नाही, अंगात येणे नाही. नुसते कमावलेले शरीर आणि ताब्यातले मन. ज्या विद्येची त्यांना लाज वाटत होती, ती त्यांना पुन्हा शिकावीशी वाटली.

भाड्याच्या जागेतली शाळा

१९१० च्या उन्हाळ्यात शांघायच्या झाबेइ भागात एक जुनी जागा भाड्याने घेऊन व्यायामशाळा सुरू झाली. तिचे नाव जिंगवू. युद्धकलेत निपुण होणे, असा काहीसा त्याचा अर्थ. नावाला व्यायामाची पुस्ती मुद्दाम जोडलेली होती. हुओ मुख्य शिक्षक. विद्यार्थी थोडे. त्यांत तिघे पुढे महत्त्वाचे ठरणार होते. लोखंडी सामानाचा धंदा करणाऱ्या घराण्यातला, जेमतेम विशीतला चेन गोंगझे आणि त्याचे मित्र याओ चानबो व लू वेइचांग.

वरवर पाहता यात नवे काय, असे वाटेल. गावोगाव आखाडे होतेच. पण चिनी युद्धकला तोवर शिकली जात होती ती वेगळ्या रीतीने. गुरूपुढे उदबत्ती लावून, लोटांगण घालून शिष्यत्व पत्करायचे, वर्षानुवर्षे सेवा करायची, आणि गुरूच्या मर्जीप्रमाणे एक एक डाव मिळवायचा. खास डाव मुलीला शिकवायचे नाहीत, कारण ती लग्न होऊन परक्या घरी जाईल. परक्याला तर नाहीच नाही. मिझोंगही हुओ घराण्याचे राखीव धन होते. लहानपणी खुद्द युआनजियालाच ते चोरून घ्यावे लागले.

त्या माणसाने आता ते उघड्या अंगणात, ठरलेल्या वेळी, कुणाही नव्या मुलाला द्यायचे कबूल केले होते. शिकणाऱ्याला पहिलवान व्हायचे नव्हते, दिवसभर पेढीवर नाहीतर वर्गात बसून आखडलेले अंग मोकळे करायचे होते, छाती भरायची होती, आणि वेळ आलीच तर स्वतःला वाचवता यायला हवे होते. आज हे आपल्याला इतके साधे वाटते की त्यात कुणाला काही सोडावे लागले होते, हे लक्षातही येत नाही.

औषध की विष

ही शाळा हुओला जेमतेम काही महिने लाभली. शांघायमधल्या जपानी ज्युदोपटूंशी सामना झाला, त्यात शिष्य लिउ झेनशेंग उतरला, प्रकरण हातघाईवर आले, अशी हकिगत सांगितली जाते. त्याच सुमारास हुओचा खोकला बळावला. चेन गोंगझेच्या म्हणण्याप्रमाणे खोकल्यातले रक्त थांबेल म्हणून त्याने एका जपानी विक्रेत्याचे औषध विश्वासाने घेतले आणि प्रकृती आणखी बिघडली. त्याला रेडक्रॉसच्या रुग्णालयात हलवण्यात आले. १९१० सालच्या उत्तरार्धात तिथेच त्याने शेवटचा श्वास घेतला.

जपान्यांनी विष घातले, ही आख्यायिका इथून जन्मली. पुढे १९३० च्या दशकात जपानने चीनवर जे अत्याचार केले, त्यांच्या उजेडात ती अधिकच खरी वाटू लागली. १९८९ मध्ये हुओ आणि त्याची पत्नी यांचे अवशेष नव्या समाधीत हलवताना त्याच्या हाडांवर काळे डाग दिसले आणि सोमलाची चर्चा पुन्हा सुरू झाली. परंतु त्या काळात सोमल हा पूर्वेकडच्या आणि पाश्चात्य अशा दोन्ही वैद्यकांत औषध म्हणूनही दिला जात असे, हे विसरून चालत नाही. खुनाचा पुरावा आजवर पुढे आलेला नाही. आणि रक्त पडणाऱ्या खोकल्यावर तेव्हा जगात कुठेच हमखास इलाज नव्हता. क्षयावरचे पहिले खरे परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४० च्या दशकात आले.

लोकांना विषाची गोष्ट का हवी असते, हे समजण्यासारखे आहे. वाघ खोकून मरावा, हे मनाला पटत नाही. पण तो तसाच गेला असण्याचा संभव मोठा आहे. व्यायामाने अंगात बळ येते, तोल येतो, धीर येतो. जंतूंपुढे किंवा एकदा दुखावलेल्या फुप्फुसापुढे तो पुरा पडतोच असे नाही. आरोग्यासाठी युद्धकला शिकवणाऱ्या पहिल्या शाळेचा पहिला शिक्षक याच मर्यादेवर अडखळून पडला. ही गोष्ट लपवण्यासारखी नाही, सांगण्यासारखी आहे.

पोरांनी बांधलेले घर

गुरू गेला, शाळा बंद पडायला आली. इथून पुढची कथा खरे तर हुओची नाही, पण तिच्यावाचून हुओची कथा पुरी होत नाही. त्या तिघा तरुणांनी, चेन, याओ आणि लू यांनी, शाळा आपल्या अंगावर घेतली. हुओच्या घराण्याशी या श्रीमंत दाक्षिणात्य पोरांचे नाते नव्हते आणि त्यांना गुरूचा सहवास लाभला तोही काही महिन्यांचा. तरी त्यांनी घरचा पैसा ओतला. १९१६ मध्ये संस्था नव्या वास्तूत गेली आणि तिने जिंगवू क्रीडा संघ हे नाव धारण केले.

उत्तरेहून झाओ लियानहे हे मिझोंगचे जाणकार मुख्य शिक्षक म्हणून आले. गरुडाच्या पंजाची पकड शिकवणारे चेन झिझेंग आले, नाकतोड्यासारख्या दिसणाऱ्या ‘प्रार्थना करणाऱ्या’ कीटकाच्या झडपेवरून बेतलेली शैली घेऊन लुओ गुआंगयू आले. पुढे ताईचीचे थोर आचार्य वू जियानचुआन यांनीही इथे शिकवले. ज्या घराण्यांची पूर्वी एकमेकांशी बोलचालही नसे, त्यांची विद्या एका छपराखाली नांदू लागली.

नव्या विद्यार्थ्यासाठी दहा ठरावीक पाठ होते आणि ते सर्वांना सारखेच. पहिला पाठ तान्-तुइ. बारा ओळींचा. प्रत्येक ओळीत एखादीच हालचाल, लांब बैठक, सरळ ठोसा, कमरेखालची आटोपशीर लाथ; ती आलटून पालटून उजव्या आणि डाव्या अंगाने करत अंगणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचे आणि परत यायचे. बघणाऱ्याला यात काही विशेष वाटत नाही. पण मांड्या भरतात, कंबर सुटी होते, दोन्ही बाजू सारख्या राबतात आणि श्वास न कोंडता हालचालीबरोबर चालायला शिकतो. पुढच्या पाठांत काठी, तलवार आणि भाला येतो. काही पाठ जोडीने करायचे, म्हणजे समोरून हात आला की अंतर किती, वेळ किती, हे डोळ्यांना कळू लागते. स्वसंरक्षणाचे शिक्षण ते हेच. दहा-बारा डाव पाठ करण्यापेक्षा न गडबडता अंतर राखता येणे अधिक मोलाचे, हे कुठलाही जुना वस्ताद सांगेल. कुंग-फू या शब्दाचा मूळ अर्थही वेळ आणि कष्ट घालून आलेले कौशल्य असाच आहे.

सगळ्यांत मोठे पाऊल पडले ते मुलींच्या बाबतीत. ज्या चीनमध्ये बायकांचे पाय बांधून लहान ठेवण्याची चाल अजून पुरती गेली नव्हती, तिथे जिंगवूने महिलांचा विभाग काढला. त्याची धुरा चेन गोंगझेची बहीण चेन शीचाओ हिने वाहिली. १९२० मध्ये संस्थेची पाच माणसे प्रचारासाठी आग्नेय आशियात निघाली, त्यांत ती होती. सायगाव, सिंगापूर, क्वालालंपूर, पिनांग, जावा असा तो दौरा झाला. मग तिथल्या चिनी वस्त्यांत शाखा निघाल्या. हुओचा मुलगा डोंगगे हाही पुढे इंडोनेशियात जाऊन शिकवत राहिला. संस्थेच्या दशकपूर्तीच्या ग्रंथाला चिनी प्रजासत्ताकाचे जनक सुन यत्-सेन यांनी प्रस्तावना लिहिली.

हे वारे एकट्या चीनमध्येच वाहत होते असे नाही. गुलाम आणि अर्धगुलाम देशांतली माणसे तेव्हा आपापल्या मातीतले व्यायाम नव्याने धुंडाळत होती. आपल्या अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये जी व्यायामशाळा काढली, ती पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून नावारूपाला आली. आणि योगायोग असा की १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी चिनी पथकाने तिथे आपल्या युद्धकलेची प्रात्यक्षिके केली, तशीच अमरावतीच्या पथकानेही आपल्या देशी खेळांची केली.

दंतकथेची किंमत

जिंगवूच्या तिन्ही खांबांची संपत्ती हळूहळू आटली. युद्धे आली, राजवटी बदलल्या, शांघायची वास्तू वाईट दिवसांतून गेली. चेन गोंगझेचे नाव चीनबाहेर कुणाला ठाऊक नाही, त्याच्या बहिणीचे तर त्याहून नाही. नाव राहिले ते हुओचे. १९२३ च्या सुमारास एका लोकप्रिय कादंबरीकाराने त्याला वीरकथेचा नायक केले आणि मग त्याच्या प्रत्येक रूपात एक लढत वाढत गेली, एक शत्रू वाढत गेला. २००६ च्या चित्रपटात तर त्याची मुलगी मारली जाते आणि घराण्याचा निर्वंश झाल्यासारखे दाखवले जाते. हुओच्या वृद्ध नातवाने त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, यातच सगळे आले. जो नातू दाद मागायला जिवंत उभा होता, त्यालाच पडद्याने पुसून टाकले होते.

दंतकथा फुकट मिळत नाही. तिची किंमत खऱ्या माणसाला मोजावी लागते. हुओच्या बाबतीत ती त्याच्या आजाराने मोजली. विजयी वीराला खोकला शोभत नाही, म्हणून खोकला गेला आणि विष आले. पण त्या खोकल्यासकट पाहिले, तरच त्याने काय केले ते कळते. ज्याला घरच्या अंगणात उभे राहू दिले नाही, त्याने आपले अंगण इतरांसाठी उघडले. ज्याने एकट्याने, चोरून, चुकतमाकत शिकताना शरीराची हानी करून घेतली असे त्याचा शिष्य सांगतो, त्याच्या नावाच्या शाळेत पुढे हजारो मुले-मुली दिवसाउजेडी, शिक्षकाच्या नजरेखाली, बेताबेताने शिकली.

शियाओनानहे गाव ज्या परिसरात आहे, त्या नगराला २००९ मध्ये जिंगवू हेच नाव देण्यात आले. तिथे त्याची समाधी आहे, स्मारक आहे. पण त्याचे खरे स्मारक पाहायचे असेल तर शांघायपासून क्वालालंपूरपर्यंत कुठल्याही जिंगवू संघाच्या अंगणात नव्या विद्यार्थ्यांच्या तासाला जावे. तिथे कुणी हवेत उडत नसते. एका रांगेत शाळकरी मुलगी, कचेरीतून आलेला कारकून आणि निवृत्त आजोबा उभे असतात आणि तीच बारा ओळींची तान्-तुइ चाललेली असते. उजवे पाऊल, उजवा ठोसा, आटोपशीर लाथ. मग डावे पाऊल. आजोबांचा पाय मुलीच्या पायाइतका वर जात नाही. शिक्षक त्यांना जातो तेवढाच वर न्यायला सांगतात आणि रांग पुढे सरकते.